ख्रिस्ती शिष्यत्व : धन, त्याग आणि मराठी अनुभव

शहागंज ही औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) जुनी बाजारपेठ. येथून सुमारे साठ किलोमीटरवरील जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. येशूच्या मागे जाणाऱ्याने धनाचे काय करावे, या प्रश्नाला मराठी मुलखात जी उत्तरे मिळाली, त्यांतील एक याच मराठवाड्यात घडले. दुसरे, अधिक गाजलेले उत्तर सातारा येथे कवी नारायण वामन टिळक यांनी दिले. ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळणारी नाहीत.

मुळात शुभवर्तमानांतच या विषयाला एक पदर नाही. सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारीत आलेल्या धनवान तरुणाला येशू सर्व काही विकून गोरगरिबांना वाटून टाकण्यास सांगतो आणि तो तरुण खिन्न होऊन परत जातो. उलट जकातदारांचा प्रमुख जक्कय आपले अर्धेच धन गरिबांना देऊ करतो, लुबाडलेल्याची चौपट भरपाई करण्याचे कबूल करतो आणि तेवढ्याने त्याच्या घरी तारण येते. उरलेल्या अर्ध्याविषयी त्याला कोणी विचारीत नाही. येशूच्या प्रवासाचा खर्च काही स्त्रिया आपल्या मालमत्तेतून चालवीत, हेही लूकने नोंदविले आहे. म्हणजे निषेध आहे तो धनाला धनी मानण्याचा. आत्मत्याग, अर्थात स्वतःचा क्रूस उचलून चालणे, ही अट मात्र गरीब-श्रीमंत सर्वांनाच सारखी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने तेराव्या शतकाच्या आरंभी व्यापारी बापाची संपत्ती टाकून पहिली वाट अक्षरशः धरली. पुढील काळातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक जक्कयाच्या वाटेने गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रात उच्चवर्णीय धर्मांतरिताला त्यागासाठी वेगळा संकल्प करावा लागत नसे. बाप्तिस्म्याबरोबरच घर, जात आणि बहुधा वडिलोपार्जित हिस्साही सुटे. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारला १८५० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हा प्रश्न किती तीव्र होता ते कळते. अर्थात कायद्याने हिस्सा मिळाला तरी पंगत मिळत नसे. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईस झाला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने घरी परतले, तरी त्यांना जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यांच्या शुद्धीचा पक्ष घेतला होता.

बेथेलमध्ये आलेली माणसे मात्र प्रामुख्याने मांग-महार समाजातील होती. ज्याच्याकडे टाकण्याजोगे काही नाही, त्याला 'सर्व काही विकून टाक' असे कोण सांगणार? त्यांच्यासाठी शिष्यत्वाचा अर्थ शेती, हस्तव्यवसाय, शाळा आणि स्वतःचे घर असा झाला. 'भाकरीसाठी धर्म घेतला' असा आरोप अशा लोकांवर नेहमी झाला. पण भरल्या पोटाच्या माणसाने संन्यासाचे माप उपाशी माणसाला लावणे न्यायाचे नाही.

टिळकांचा (१८६१–१९१९) पेच याच्या नेमका उलट होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांकडे राहिल्या; पुढे पतीकडे परतून १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) टिळक अमेरिकन मराठी मिशनचे काम करू लागले. येथेच विचित्र स्थिती निर्माण झाली. ज्याने धर्मासाठी सर्व सोडले, तोच आता धर्मकार्याचा पगार घेऊ लागला आणि तो पगार परदेशातून येणारा होता. सेवक आणि नोकर यांतील भेद टिळकांना बोचत राहिला. ख्रिस्ती मनुष्य लोकांना परका वाटण्याचे एक मोठे कारण हा पैसाच आहे, अशी त्यांची धारणा झाली. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त त्यात सामील होऊ शकत. भजन-कीर्तनाचा मार्ग, गुरुबंधुभाव आणि वेतनाचा त्याग ही सारी सामग्री वारकरी मातीतीलच होती.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) आणखी एक मार्ग दाखविला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इमारती, शेते, छापखाना असे सर्व काही उभे राहिले आणि दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुली त्यावर जगल्या. रमाबाईंची स्वतःची राहणी मात्र अखेरपर्यंत साध्या पांढऱ्या वस्त्राची राहिली. संस्थेला लागणारे धन नाकारावयाचे नाही, ते अंगाला लावून घ्यावयाचे नाही, असा हा विवेक होता.

टिळकांच्या त्यागाची एक बाजू चरित्रलेखनात सहसा मागे पडते. गृहस्थ संन्यासी झाला की संसाराचा भार कोणावर पडतो? टिळकांचा हात पूर्वीपासूनच सढळ होता. घरात आलेले पैसे दारी आलेल्या गरजूच्या हाती जाण्यास वेळ लागत नसे. चूल पेटती ठेवण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. त्यागाचे व्रत एकाचे आणि उपास दोघांचा, अशी ही व्यवस्था होती. त्यांनी ती निमूटपणे सोसली असेही नाही. त्या भांडल्या, रुसल्या, हसल्या आणि हे सर्व त्यांनी नंतर लिहूनही ठेवले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, तेव्हा दरबाराला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यांच्यामागे तो फार काळ टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या.