संशयितांवरील लष्करी कारवाई आणि उत्तरदायित्व : पेरूमधील हवाई मोहिमेचा अभ्यास (१९९५–२००१)

प्रस्तावना :
अमली पदार्थांची तस्करी हा गुन्हा आहे. गुन्ह्याच्या संशयावरून अटक, पुरावा, बचावाची संधी आणि न्यायालयीन निर्णय या पायऱ्या कोणत्याही विधिसंमत राज्यात अभिप्रेत असतात. मात्र हे काम लष्कराकडे सोपविले की या सर्व पायऱ्या एका क्षणात वगळल्या जाण्याची शक्यता निर्माण होते. पेरूमधील हवाई मोहीम हे त्याचे बोलके उदाहरण होय. तिचा विधी आणि उत्तरदायित्व या दोन अंगांनी विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची अडचण व तोडगा :
१९९० च्या दशकात पेरूतून कोकेनचा कच्चा माल लहान विमानांनी कोलंबियात जात असे. अशी विमाने पाडण्यास पेरूच्या हवाई दलाची तयारी होती. टेहळणीची माहिती अमेरिका पुरवीत असे. परंतु नागरी विमानावर हल्ला करणे हा १९७१ च्या माँट्रियल करारानुसार गुन्हा असून अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यातही तशी तरतूद होती. १९८३ मध्ये सोव्हिएत युनियनने कोरियाचे प्रवासी विमान पाडल्यानंतर, उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये हे तत्त्व शिकागो करारात समाविष्ट करणारी दुरुस्ती १९८४ मध्ये स्वीकारण्यात आली होती. या अडचणीमुळे मे १९९४ मध्ये अमेरिकेने माहिती देणे थांबविले. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून वाट मोकळी केली. त्याला एक महत्त्वाची अट होती : विमानाची ओळख पटविण्याची आणि बळाचा वापर करण्यापूर्वी इशारा देण्याची परिणामकारक व्यवस्था संबंधित देशात असली पाहिजे. म्हणजेच न्यायालयाची जागा आता कार्यपद्धतीने घेतली.

२० एप्रिल २००१ ची घटना :
त्या दिवशी ॲमेझॉनच्या खोऱ्यात पेरूच्या लढाऊ विमानाने एका लहान सेस्ना विमानावर गोळीबार केला. त्यात अमेरिकन मिशनरी कुटुंब प्रवास करीत होते. एक महिला व तिची तान्ही मुलगी मृत्युमुखी पडली. वैमानिक जखमी झाला. टेहळणी करणाऱ्या सीआयएच्या विमानातील अमेरिकनांनी गोळीबारापूर्वी शंका व्यक्त केली होती. परंतु पेरूचा अधिकारी आणि ते यांच्यात भाषेची अडचण होती. मोहीम तत्काळ स्थगित झाली.

चौकशी व तिचे फलित :
सीआयएच्या महानिरीक्षकांच्या २००८ मधील अहवालाने दाखवून दिले की, ही एकटीच चूक नव्हती. बहुतेक घटनांत विहित पद्धतीचे उल्लंघन झाले होते. अनेकदा विमान नजरेस पडल्यापासून दोन-तीन मिनिटांतच, योग्य ओळख न पटविता व उतरण्याचा इशारा न देता ते पाडण्यात आले. ही वस्तुस्थिती काँग्रेसपासूनही दडविली गेली होती. न्याय खात्याने २००५ मध्येच खटला न भरता तपास बंद केला होता. २०१० मध्ये १६ आजी-माजी कर्मचाऱ्यांवर केवळ प्रशासकीय कारवाई झाली.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. मृतांचे निर्दोषत्व निर्विवाद होते आणि बचावलेले साक्षीदार होते, म्हणूनच ही चौकशी झाली. आधी पाडलेल्या विमानांतील माणसांबाबत मात्र संशय हाच निकाल ठरला.

पुनरावृत्ती :
२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकन लष्कराने कॅरिबियन समुद्रात एका नौकेवर हल्ला केला. ११ जण ठार झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतर असे आणखी हल्ले झाले. तत्पूर्वी तटरक्षक दल अशा नौका अडवून झडती घेत असे, माल जप्त करून आरोपींना न्यायालयात उभे करीत असे. ऑक्टोबर २०२५ मधील एका हल्ल्यातून वाचलेल्या दोघांवर अमेरिकेत खटला न भरता त्यांना कोलंबिया व इक्वेडोर या मायदेशी पाठविण्यात आले. इक्वेडोरने आपल्या नागरिकास सोडून दिले. जे जिवंतपणी खटल्यास पात्र ठरले नाहीत, त्यांनाच काही क्षण आधी मृत्युदंडास पात्र मानले गेले होते, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष :
पेरूच्या मोहिमेत किमान लेखी कार्यपद्धती होती, म्हणूनच तिचे उल्लंघन सिद्ध करता आले. मात्र कारवाई करणाऱ्यांच्याच हाती असलेली कार्यपद्धती न्यायालयाचा पर्याय होऊ शकत नाही. जेथे पुरावा आरोपीसह नष्ट होतो, तेथे चूक उघडकीस येणे योगायोगावर अवलंबून राहते. म्हणून स्वतंत्र देखरेख आणि वैयक्तिक उत्तरदायित्व हे कारवाईनंतरचे सोपस्कार नसून कारवाईपूर्वीच्या अटी असणे आवश्यक आहे.