काल काय खाल्लं?



आमच्या गटातल्या एक काकू कर्करोगाच्या उपचाराला जातात. तिथं विचारलं, "जेवता का?" म्हणाल्या, "जेवते की." खरं म्हणजे चतकोर भाकरी, तीही ताकात कुस्करून. महिन्यात वजन चार किलो उतरलं.

हा प्रश्न नीट विचारायलाही शिकावं लागलं. 1972 साली, आपल्याकडं दुष्काळ होता तेव्हा, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत देशाच्या आहार पाहणीचं काम उभं राहिलं. माणसं मापाच्या वाट्या घेऊन घरोघर जायची, कालच्या चोवीस तासांत काय खाल्लं ते लिहून घ्यायची. पुढं शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येईल म्हणून वाट न बघता कर्मचारीच बार्शी, परांडा, भूमच्या गावांत फिरले.

आता संशोधनात वाटी-वहीच्या जोडीला स्मार्टफोन आलाय. ताटाचा फोटो काढायचा, जेवल्या जेवल्या नोंद करायची. केमोच्या दिवसांत कालचं आठवत नाही, तेव्हा हे बरंच. पण फोटोत भाकरीची जाडी कळत नाही, तेल कळत नाही. ताटात उरलं किती, त्यासाठी जेवणानंतर दुसरा फोटो लागतो. आणि घरातला फोन असतो मुलाच्या खिशात!

काकूंच्या सुनेनं आठवडाभर असे फोटो काढले. आहारतज्ज्ञ बाईंनी ते बघून पहिलं विचारलं, "तोंड आलंय का?" आलंच होतं. काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं.