निर्यात निर्बंध आणि मुक्त सॉफ्टवेअर

राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून एखादे तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावर शासनाने घातलेली बंधने आणि त्यांचा मुक्त सॉफ्टवेअरच्या जागतिक वितरणावर होणारा परिणाम. मुक्त सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. त्यामुळे निर्यातबंदीशी त्याचा मूलतःच विरोध येतो.

अमेरिकेत कूटलेखन (संदेश गुप्त ठेवण्याचे तंत्र) दीर्घकाळ युद्धसामग्रीच्या यादीत होते. फिल झिमरमन यांचे ‘पीजीपी’ (१९९१) हे कूटलेखनाचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून परदेशात पोहोचल्याने त्यांची चौकशी झाली. ती १९९६ मध्ये थांबली. पुस्तकावर निर्यातबंदी लागू नसल्याने पीजीपीची आज्ञावली छापून युरोपात स्कॅन करण्यात आली. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाने कूटलेखनाची पॅकेजेस अमेरिकेबाहेरील सर्व्हरवर ठेवली, तर ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे काम कॅनडातून चाले. २००० मध्ये अमेरिकेने सार्वजनिक आज्ञावलीवरील नियम सैल केले. २०१९ मध्ये मात्र अमेरिकी निर्बंधांमुळे आज्ञावली साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने इराण, सीरिया व क्रिमियातील वापरकर्त्यांच्या सेवा मर्यादित केल्या.

निर्यात निर्बंधांची झळ महाराष्ट्रानेही अनुभवली. अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संगणन संशोधन संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. महासंगणकासारखे यंत्र सीमेवर अडवता येते; प्रसिद्ध झालेली आज्ञावली अडवणे मात्र फार कठीण असते. पुढे भारत स्वतःही डिसेंबर २०१७ मध्ये निर्यात-नियंत्रणासाठीच्या वासेनार या बहुराष्ट्रीय व्यवस्थेचा सदस्य झाला. दुहेरी (नागरी व लष्करी) उपयोगाच्या वस्तूंची भारताची निर्यात-नियंत्रण यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते.