असली पुस्तकं आवडतात, म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का?



काही दिवसांपूर्वी ओपीडीत मायलेकी आल्या. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करणारी. छातीत धडधड, जिने चढताना दम, सतत थकवा. मुलीने तोंड उघडायच्या आत आईने निदान सांगून टाकलं. "अहो डॉक्टर, ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर ती खुनाबिनाची आणि विकृत प्रेमाची पुस्तकं वाचते. धडधडणार नाही तर काय होणार? तुम्हीच सांगा तिला बंद कर म्हणून. तुमचं ऐकेल."

आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मुलगी थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या कादंबऱ्यांतला हिरो खरंच वाईट असतो, डॉक्टर. नायिकेवर पाळत ठेवतो, तिला डांबून ठेवतो. असा माणूस खऱ्या आयुष्यात भेटला तर मी सरळ पोलिसात जाईन. पण वाचायला आवडतं. म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का?"

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो, असं मला वाटतं. आमच्या पिढीत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर नारायण धारपांची भुतं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली जायची आणि सापडलं की पाठीत धपाटा बसायचा. आता मोबाईल असल्यामुळे लपवणं सोपं झालंय, एवढाच फरक. पण हा प्रश्न डॉक्टरांच्या दारात पहिल्यांदाच आलेला नाही. तो निदान अडीचशे वर्षं जुना आहे, आणि त्यावर आम्हा डॉक्टर मंडळींनी दिलेली उत्तरं फारशी अभिमानाने सांगण्यासारखी नाहीत. म्हणूनच आज सांगतो.

अठराव्या शतकात युरोपात छापील कादंबरी सामान्य घरांत पोहोचली, विशेषतः बायकांच्या हातात. लगेच काळजी सुरू झाली. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावचे सॅम्युएल तिसो हे त्या काळचे फार नावाजलेले डॉक्टर. त्यांनी १७६८ मध्ये वाचन-लेखनात बुडालेल्या लोकांच्या प्रकृतीवर पुस्तकच लिहिलं. अति वाचनाने पचन बिघडतं, नसा दुबळ्या होतात, असं त्यांचं मत. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींबद्दल तर त्यांना खासच चिंता होती.

मग १७९४ मध्ये इंग्लंडमध्ये ॲन रॅडक्लिफ यांची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' आली. डोंगरातला अंधारा किल्ला, त्यात अडकलेली अनाथ मुलगी आणि तिच्यावर सत्ता गाजवणारा क्रूर माँटोनी. आजच्या डार्क रोमान्सची पणजी म्हणायला हरकत नाही. मुलींनी या कादंबऱ्यांचा फडशा पाडला. जेन ऑस्टिनने त्यांची थट्टा करणारी 'नॉर्दँगर ॲबी' लिहिली; ती तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. असल्या कादंबऱ्या वाचून वाचून तिच्या नायिकेला संशय येतो की, ज्या घरी आपण पाहुण्या आलो त्या घरच्या जनरलने बायकोला मारलं असावं. संशय खोटा ठरतो, सगळे हसतात. पण पुढे तोच जनरल, मुलगी आपल्याला वाटली तेवढी श्रीमंत नाही हे कळताच, तिला एकटीला भल्या पहाटे घराबाहेर काढतो. खून खोटा होता, पण माणसाबद्दलचा अंदाज फारसा चुकला नव्हता. कथेतली ही बाजू थट्टेच्या नादात बऱ्याचदा विसरली जाते.

एकोणिसाव्या शतकात तर डॉक्टरांनी कमालच केली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टन गावच्या मनोरुग्णालयाची एक प्रसिद्ध यादी आहे. १८६४ ते १८८९ या काळात रुग्णांना दाखल करण्याची जी कारणं नोंदवली गेली, त्यांत 'कादंबरीवाचन' हेही एक कारण आहे. मेरी वुड-ॲलन ही तर स्वतः स्त्री डॉक्टर. तिने शतकाच्या अखेरीस मुलींसाठी लिहिलेल्या आरोग्याच्या पुस्तकात बजावलं होतं की, प्रेमकथा वाचल्याने शरीरातले अवयव उत्तेजित होतात आणि मुलगी वेळेआधी वयात येते. याला पुरावा काय? काहीही नाही. आज हसू येतं, पण तिचं वाचून कितीतरी आयांनी मुलींच्या हातातून पुस्तकं काढून घेतली असतील.

आपल्याकडे विरोधाचं कारण वेगळं होतं. इथे नसा आणि अवयवांपेक्षा नवऱ्याच्या आयुष्याची भीती घातली जायची: बाई शिकली की नवरा मरतो. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे की, नवरा शिकवायला बसलेला असतानाही घरातल्या बायकांनी त्यांच्या वाचनाला किती विरोध केला. शास्त्राचा कोट चढवलेला असो वा रूढीचं लुगडं, बाईच्या हातातल्या पुस्तकाची धास्ती दोन्हीकडे होतीच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

शार्लट पर्किन्स गिलमन ही अमेरिकन लेखिका. १८८५ मध्ये तिला मुलगी झाली आणि त्यानंतर तिला तीव्र नैराश्याने घेरलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य आज आम्ही ओळखतो, त्यावर उपचार करतो. तेव्हा तिला १८८७ मध्ये फिलाडेल्फियाला डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्याकडे नेलं. हे कुणी भोंदू नव्हते. अमेरिकन यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंचा त्यांनी केलेला अभ्यास मोठा आहे. तुटलेला हात-पाय अजून आहे असं वाटत राहतं, त्या 'फँटम लिंब'चं नाव त्यांनीच रूढ केलं. ते आम्ही अजून वापरतो. 'नसा खचलेल्या' बायकांसाठी त्यांची 'रेस्ट क्युअर' होती. कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, घरच्यांना भेटायचं नाही, भरपूर दूध आणि स्निग्ध खाणं, मालीश, विजेचे हलके झटके. वाचायचं नाही, लिहायचं नाही.

महिनाभराने शार्लटला घरी पाठवताना त्यांनी सांगितलं, जमेल तितकं घरगुती आयुष्य जग, मूल सतत जवळ ठेव, बौद्धिक काम दिवसाला दोन तासच, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना पुन्हा हात लावू नकोस. लेखिकेला! तिने काही महिने हे इमानाने पाळलं आणि, तिच्याच सांगण्यानुसार, वेडाच्या अगदी काठापर्यंत पोहोचली.

एक गंमत सांगतो, कडू आहे. हेच डॉ. मिचेल स्वतः कादंबऱ्या लिहायचे. आणि ओवेन विस्टर नावाचा तरुण खचून त्यांच्याकडे आला, तेव्हा १८८५ मध्ये त्याला त्यांनी वायोमिंगच्या मोकळ्या माळावर, घोड्यांवर बसायला पाठवलं. पुढे त्याने त्याच अनुभवावर गाजलेली काउबॉय कादंबरी लिहिली. त्याला माळ आणि शार्लटला पलंग.

शार्लटने शेवटी तो सल्ला झुगारला, नवऱ्यापासून वेगळी होऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि कामाला लागली. तिथे तिने 'द यलो वॉलपेपर' ही कथा लिहिली. डॉक्टर नवऱ्याने 'विश्रांतीसाठी' खोलीत ठेवलेली बाई भिंतीच्या पिवळ्या कागदाकडे पाहत राहते आणि तिला त्यामागे एक अडकलेली बाई दिसू लागते. मी रात्री एकटा असताना ती वाचली होती, आणि नंतर उठून घरातले दिवे लावले होते. एका नामवंत मासिकाच्या संपादकाने ही कथा परत पाठवली. कारण काय, तर वाचून स्वतःला जितकं वाईट वाटलं तितकं दुसऱ्या कुणाला वाटायला लावणं त्यांना पटेना! अखेर जानेवारी १८९२ मध्ये ती दुसऱ्या मासिकात छापून आली.

यानंतर वाचकांच्या ज्या प्रतिक्रिया आल्या, त्या शार्लटने १९१३ मध्ये एका छोट्या लेखात सांगितल्या आहेत. बॉस्टनच्या एका डॉक्टरने वृत्तपत्रातून निषेध केला की, असलं लिहूच नये, वाचणाऱ्याला वेड लागेल. कॅन्ससच्या दुसऱ्या डॉक्टरने तिला कळवलं की, वेडाच्या सुरुवातीचं इतकं अचूक वर्णन त्याने कुठेच वाचलं नव्हतं. आणि तिला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट अशी: एका बाईवर असेच उपचार चालू होते. तिच्या घरच्यांनी ही कथा वाचली, ते घाबरले, आणि त्यांनी तिला पुन्हा नेहमीच्या कामाधामात, माणसांत येऊ दिलं.

एकच कथा. तिच्यात एका डॉक्टरला धोका दिसला, दुसऱ्याला लक्षणांची नोंद. एका घराला तर आपल्याच घरातली बंद खोली दिसली.

मी स्वतः बराच काळ त्या बॉस्टनच्या डॉक्टरच्या बाजूचा होतो, हे कबूल करायला हवं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई निद्रानाश आणि धडधडीसाठी येत. वाचनालयातून थरारक कादंबऱ्या आणतात, असं नवऱ्याने सांगितलं. नवरा शेजारच्याच खुर्चीवर. मी म्हटलं, "ते वाचन बंद करा, झोपायच्या आधी स्तोत्र म्हणा," आणि झोपेची गोळी लिहून दिली. वर्षभराने त्या माहेरहून एकट्या आल्या, मनगटाचा जुना मोड दाखवायला. जाताना म्हणाल्या, "त्या पुस्तकातल्या बाईने सामान बांधलं, तेव्हा मला वाटलं, असंही करता येतं." मी काहीच बोलू शकलो नाही. वर्षभरापूर्वी मी पुस्तकावर बोट ठेवलं आणि तपासणं थांबवलं होतं.

आता वाचताना शरीरात काय होतं ते थोडक्यात. भीतीचा प्रसंग वाचताना ॲड्रेनालिन वाढतं, नाडी वाढते, तळहात ओलसर होतात. पण हा धोका कागदावरचा आहे आणि पुस्तक मिटलं की संपतो, हे मेंदूला ठाऊक असतं. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मिरचीचं उदाहरण दिलं आहे: जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येतं, पण इजा नाही हे कळत असल्याने मजा वाटते. ठेच्याबरोबर भाकरी खाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. डार्क रोमान्सचंही बरंचसं असंच. नायकाचं भयंकर वागणं वाचकाच्या ताब्यात असतं. नको झालं की पान उलटता येतं. कल्पनेत जे रंजक वाटतं ते प्रत्यक्षात हवंच असतं, असं मुळीच नाही.

म्हणजे पुस्तकाचा काहीच परिणाम होत नाही का? तसंही नाही. १७७४ मध्ये गटेची 'वेर्थर' आली, तेव्हा नायकाची नक्कल करून तरुण आत्महत्या करतील या भीतीने लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी घातली गेली. जवळपास २०० वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतल्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे आकड्यांनी दाखवलं आणि त्याला 'वेर्थर परिणाम' म्हटलं. आधीच काठावर असलेल्या माणसाबाबत जपायलाच हवं. वाचताना जुना, स्वतःवर गुदरलेला प्रसंग डोळ्यांपुढे येऊन अंग थरथरत असेल, वाचून झाल्यावर दिवसेंदिवस सुन्न वाटत असेल, नायकाचं वागणं पाहून "माझ्याही घरी हेच चालतं, पण तिथे ते प्रेम म्हणवतं" असं मनात येत असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, स्त्रियांसाठी १८१ आहे. आणि कोवळ्या मुलांच्या हातात ही पुस्तकं पडली असतील, तर हिसकावून घेण्याआधी निदान दहा पानं स्वतः वाचा. मग बोलायला विषय तरी मिळेल.

आता त्या मुलीकडे. मी तिला सांगितलं, तुझ्यात बिघाड नाही. घरी, कॉलेजात, बाहेर कुणाचा त्रास आहे का, हेही विचारलं. नव्हता. मग पाळीबद्दल विचारलं. सात-आठ दिवस, खूप जास्त, वर्षभरापासून. आईलाही सांगितलं नव्हतं. खालच्या पापण्या पांढुरक्या होत्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९ निघालं. धडधड आणि दम तिथून येत होता. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. उशिरापर्यंत जागण्याबद्दल मात्र मी तिच्या आईच्या बाजूने बोललो.

परवा त्या पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन १०.६. जिने चढताना आता दम लागत नाही. कादंबऱ्या चालू आहेत, पण रात्री अकरानंतर नाही, असं मुलगी म्हणते. आई म्हणते, बारानंतर.