लोहमार्ग, कालवा आणि गिरणी : बोरघाटापासून मुळशीपर्यंत

मुळशी तालुक्यातील घोटावडे हे गाव मुळा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. ही नदी निसर्गतः पूर्वेस पुण्याकडे आणि पुढे भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु तिच्या उगमाकडील पाण्याचा मोठा भाग १९२७ पासून सह्याद्रीतील बोगद्याने पश्चिमेस भिरा येथे उतरविला जातो, आणि तेथे वीज निर्माण करून तो कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास मिळतो. नदीची दिशा पालटण्याचे हे कृत्य मुंबईच्या गिरण्यांसाठी घडले. ह्या घटनेचा विचार बोरघाटाच्या लोहमार्गाशी जोडून केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक असा चढ हे त्याचे स्वरूप होय. डोंगरात वळणास जागा नसल्यामुळे खंडाळ्याखाली 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधावे लागले. तेथे गाडी कड्याच्या टोकाशी थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूस लावले जाई आणि प्रवास उलट दिशेने पुढे चाले. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर हे स्थानक सोडून देण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचा भाव चढला असता ह्याच मार्गाने दख्खनचा कापूस मुंबईस जाऊ लागला.

गिरण्या वाफेवर चालत आणि कोळसा दुरून आणावा लागे. ह्यावर उपाय म्हणून टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पाणी साठवून ते कालव्यांनी व नळांनी घाटाखाली खोपोलीस नेले. १९१५ साली तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही त्याच योजनेची पुढील पावले होत.

तिसऱ्या पावलापाशी मात्र मावळा आडवा आला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेण्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्यांस नुकसानभरपाई पुरेशी वाटे. कसणाऱ्यास मात्र जमिनीवाचून दुसरे जीवन नव्हते. ह्या विसंगतीने लढा आतून दुबळा केला. १९२४ च्या डिसेंबरात पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांनी धरणाच्या कामाची गाडी अडविली आणि त्यांस कारावास भोगावा लागला. ज्या साधनाने घाट जिंकला, तेच साधन येथे आक्रमणाचे चिन्ह मानले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या. ज्या उपभोक्त्यासाठी ही गावे बुडाली, तो नाहीसा झाला. पाणी मात्र पश्चिमेसच जात राहिले. तेव्हा सार्वजनिक हिताचे कारण संपल्यावर त्यापोटी घेतलेल्या त्यागाचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर केवळ दफ्तरात मिळणार नाही. जुना घाटमार्ग, नळांची रांग आणि धरणाचा काठ ही तिन्ही ठिकाणे एकाच इतिहासाची पाने म्हणून पायी हिंडून वाचली पाहिजेत.