कॉलेजचे ऋण



बाभुळगावासारख्या ठिकाणी जुन्या कॉलेजावरील प्रेमाचा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कॉलेजचे मोल वऱ्हाडच्या माणसाला जितके ठाऊक, तितके ते पुणेकराला नसावे. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तोपर्यंत इकडच्या मुलाने धामणगावास गाडी धरावी आणि नागपूर तरी गाठावे, नाहीतर पुण्या-मुंबईची वाट धरावी. आपल्या जिल्ह्यातील वणीचे बापूजी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातूनच पदवीधर झाले. जे लांबून मिळवावे लागते, त्याची माया सहसा सुटत नाही.

परंतु माया निराळी आणि निष्ठा निराळी. निष्ठेची परीक्षा पाहणारा एक प्रसंग पुण्यास घडला, तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

पेशवाईतील दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात एक संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे पूना कॉलेज आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याच्या बाजूस तिची इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तेथे गेले. टिळक आणि आगरकर येथेच शिकले. इतिहासाचार्य राजवाडे येथलेच. टिळकांची खोली तेथे आजही जपलेली आहे.

टिळक-आगरकरांनी या कॉलेजचे ऋण कसे फेडले? त्यांनी त्याची स्तोत्रे गाइली नाहीत. सरकारी नोकरीच्या वाटेस न जाता आयुष्य शिक्षणास वाहण्याचा संकल्प त्यांनी तेथेच सोडला. त्या संकल्पातून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आपल्याला मिळाले ते दुसऱ्यांस मिळावे म्हणून झटणे, ही ऋणफेडीची पहिली रीत.

दुसरी रीत अधिक कठीण. १९३४ साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली डेक्कन कॉलेज बंद केले. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा एका हुकुमाने संपली. अशा वेळी माजी विद्यार्थ्यांनी हळहळावे, दोन लेख लिहावेत आणि आपापल्या उद्योगास लागावे, हा जगाचा रिवाज. येथे तसे झाले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या संघाने सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. दात्याने विद्येसाठी पैसा दिला असेल, तर ती वास्तू ही सरकारची खाजगी मालमत्ता नव्हे, ती एक ठेव आहे, हे या झगड्याचे मर्म होते. ज्या सरकारच्या कॉलेजात शिकले त्याच सरकारशी ते झगडले. आणि कॉलेजवरील निष्ठा म्हणजे सरकारवरील निष्ठा नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

१७ ऑगस्ट १९३९ रोजी दरवाजे पुन्हा उघडले. परंतु जे उघडले ते जुने कॉलेज नव्हते. बी. ए.चे वर्ग, तरुणांची ती गजबज परत आली नाही. पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन यांची संस्था तेथे सुरू झाली. आमच्या मते या कथेचे खरे मोल येथे आहे. ज्यांनी कॉलेज वाचविले, त्यांना आपल्या आठवणीतले कॉलेज मात्र परत मिळाले नाही. आठवणीचाच हट्ट धरला असता, तर कदाचित काहीच उरले नसते. पुढे सांकलियांनी पुराणवस्तुसंशोधनात, इरावतीबाई कर्व्यांनी मानवशास्त्रात आणि कत्र्यांनी भाषाशास्त्रात जे काम केले, ते याच वास्तूत. १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम तेथे सुरू झाले, आणि १९९० साली संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आपल्यापैकी प्रत्येकाची कोठली ना कोठली शाळा, कोठले ना कोठले कॉलेज आहे. स्नेहसंमेलनास जाऊन जुन्या बाकावर बसून येणे गोड आहे. ते जरूर करावे. परंतु त्या बाकावर आज कोण बसते आणि त्याला काय उणे आहे, याची चौकशी न करता जो परततो, तो आपल्या तारुण्याला भेटून आला, कॉलेजला नव्हे, असेच आम्ही म्हणू.