ओझेनीचे मद्य आणि गोवर्धनची द्राक्षे

उज्जैनला रेल्वेने उतरून देवास गेटपाशी येणाऱ्या माणसाचे चित्त बहुधा महाकालाकडे लागलेले असते. परंतु शहरातील एखाद्या ठिकाणास पुढच्या गावाचे नाव असावे, यात या नगरीचा जुना स्वभाव दिसतो. उज्जयिनी ही तीर्थाइतकीच वाटांचीही नगरी होती. त्यांपैकी एक वाट नैर्ऋत्येस भडोचच्या बंदराला जाऊन मिळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका निनावी ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तिच्यावरील व्यवहाराची फार मोलाची नोंद करून ठेवली आहे.

त्याच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात उज्जयिनी ‘ओझेनी’ या नावाने येते. तेथून अकीक, मलमल आणि पुष्कळसे साधे कापड भडोचला उतरत असे. भडोचला बाहेरून येणाऱ्या मालाच्या यादीत पहिलेच नाव मद्याचे आहे. आणि तेही नुसते मद्य नव्हे. इटलीचे अधिक पसंतीचे, त्याखेरीज लाओदिकेआचे व अरबस्थानचे, असा स्पष्ट भेद तो करतो. राजासाठी चांदीची मौल्यवान पात्रे आणि गाणारी मुले यांच्याबरोबर उंची मद्य निराळे येई. मद्याचे मोल त्याच्या भूमीवरून ठरते, हे त्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते.

आपल्या संशोधकांची मात्र याच बाबतीत फसगत झाली. पश्चिम भारतातील उत्खननांत निमुळत्या बुडाच्या घड्यांची खापरे मिळाली, की त्यांना सरसकट ‘रोमन’ म्हणण्याचा प्रघात पडला. २००७ साली रॉबर्टा टॉम्बर या विदुषीने दाखवून दिले की, त्यांतील बरीच खापरे मेसोपोटेमियातील घड्यांची आहेत. आतून डांबराचा लेप असलेल्या आणि बहुतांशी उत्तरकालीन अशा घड्यांची. नेपल्सच्या आखाताकडील घड्यांच्या मातीत ज्वालामुखीचे काळे कण असतात. आकाराने चकवले, मातीने खरे सांगितले! रोमच्या वैभवाचा मोह आपल्यालाही थोडा नडलाच, असे मला वाटते.

पेरिप्लसमधील तो राजा क्षहरात नहपान होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे त्याने कोरून ठेवले आहे. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे तर त्याने ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २००० शेकडा एक आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यातील भिक्षूंच्या वस्त्रांची व किरकोळ गरजांची सोय व्हावयाची होती.

हे गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरजवळचे आजचे गोवर्धन गाव, असे मानतात. त्याच गावाच्या परिसरात राजीव सामंत यांनी ‘सुला’ हा द्राक्षमळा उभा केला आणि २००० साली तेथील पहिले मद्य बाजारात आले. ज्या मुलखाच्या राजासाठी मद्य समुद्रावरून येत होते, तेथे आता परदेशी द्राक्षवेलच रुजली. सुरुवातीच्या पांढऱ्या मद्यांत शनँ ब्लाँ या फ्रेंच द्राक्षाचे मद्य होते.

या द्राक्षाचे माहेर फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे. तेथे साव्हेनिएर गावी ‘कुले द सेराँ’ नावाचा मळा आहे. बाराव्या शतकात सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी तेथे वेली लावल्या. क्षेत्र जेमतेम सात हेक्टर; पण एका मालकाच्या त्या उतारालाच फ्रेंच कायद्याने स्वतंत्र नामाभिधान दिले आहे. बाटलीवर मोठे नाव द्राक्षाचे नसते, मळ्याचे असते. आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे खरे, तरी गिऱ्हाईक अजून द्राक्षाचे आणि कारखानदाराचेच नाव विचारतो.

आणि वेल तीच असली तरी ऋतू तिला निराळाच नेमून दिलेला आहे. लुआरकाठी शरदात द्राक्षांची तोडणी चालते, त्या सुमारास नाशिकला पाऊस सरल्यावरची दुसरी छाटणी होते. येथले घड जानेवारी ते मार्चच्या दरम्यान उतरतात.